गाईला इंजेक्शन लागू पडंना, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी पलूस तालुक्यातली. दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गाई आहेत, त्यातल्या एकीला दरवर्षी दगडी होते, म्हणजे कास सुजून घट्ट होते. मागच्या साली मेडिकलमधनं आणलेल्या तीन इंजेक्शनांत कास उतरली, यंदा तेच इंजेक्शन पाच दिवस दिलं तरी दुधात गाठी येतायत. मुलगा कराडला बीएस्सी करतो, तो म्हणतो गाईतल्या बॅक्टेरियांकडं औषध न लागणारं जीन आलंय आणि ते माणसांच्या बॅक्टेरियात पण जातं. आमचे मालक म्हणतात तसं काही नसतंय, गाईच्या अंगाला औषधाची सवय झाली. खरं कुणाचं? आणि घरात नातू लहान आहे, भीती वाटते.

उत्तर : ताई, जंतूंबद्दल मुलगा म्हणतो ते खरं, तुमच्या गाईत तेच झालंय का ते पुढं सांगतो. गाईच्या अंगाला अँटिबायोटिकची सवय लागत नसते, बदलतो तो कासेतला जंतू. आता हे कसं होतं ते तुम्हाला उसातल्या तणावरनं सांगतो. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की बाकीचं तण मरतं आणि एखादं न मरणारं राहतं, मग मोकळ्या झालेल्या रानात तेच माजतं. तणनाशकानं ते तयार केलेलं नसतं, त्याला जागा करून दिलेली असते. कासेत कोट्यवधी जंतू असतात, त्यातल्या दोन-चारांकडं आधीच एखादं जीन, म्हणजे एखादा गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा, असतं, उदाहरणार्थ पेनिसिलिनचा रेणू तोडणारं एन्झाइम बनवायचं, किंवा आत शिरलेलं टेट्रासायक्लिन पंपासारखं परत बाहेर फेकायचं. औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हे उरतात.

पण तणात आणि जंतूत एक मोठा फरक आहे आणि सगळी काळजी तिथंच आहे. तण आपला गुण शेजारच्या मक्याला देऊ शकत नाही, बॅक्टेरिया देतो. त्याच्या मुख्य डीएनएशिवाय आत डीएनएची छोटी गोल कडी असते, तिला प्लाझमिड म्हणतात. दोन बॅक्टेरिया चिकटले की या कडीची कॉपी एकातनं दुसऱ्यात जाते, आणि ते दोघं एकाच जातीचे असायची पण गरज नाही. शेणातला ई. कोलाय नावाचा जंतू, जो गाईला काहीच त्रास देत नाही, तो आपली कडी माणसाला हगवण लावणाऱ्या जंतूला देऊ शकतो. आणि एका कडीवर चार-पाच औषधांची जीन्स शेजारी शेजारी बसलेली असू शकतात, म्हणजे तुम्ही एकच औषध देता पण निवड होते ती सगळ्या कडीची, जी औषधं तुमच्या गोठ्यात कधी आलीच नाहीत त्यांची सुद्धा.

हे अंदाजानं सांगत नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही नावाच्या शास्त्रज्ञानं कोंबड्यांच्या काही पिलांना टेट्रासायक्लिन घातलेलं खाद्य दिलं आणि बाकीच्यांना साधं. आठवड्या-दोन आठवड्यांत त्या पिलांच्या विष्ठेतले ई. कोलाय टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले, आणि पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या घरच्या माणसांच्या पोटातही तसले जंतू वाढले, तेही एका औषधाला नाही तर बऱ्याच औषधांना न जुमानणारे. घरच्यांनी स्वतः औषध घेतलेलं नव्हतं. हे १९७६ साली छापून आलंय, म्हणजे आपल्याला कळून जवळपास पन्नास वर्षं झाली.

आता तुमच्या गाईचं. औषध लागू पडलं नाही म्हणजे जीनच आहे असं लगेच धरू नका. दगडीचा एक नेहमीचा जंतू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कासेच्या मांसात खोल लपून बसतो, तिथं औषध नीट पोचतच नाही, म्हणून तो दरवर्षी परत येतो, आणि तुमची कहाणी वाचून मला आधी त्याचाच संशय आला. कधी जंतू वेगळाच असतो आणि औषध भलत्याचंच दिलेलं असतं. हे बाहेरनं बघून मलाही सांगता येणार नाही, आणि मेडिकलवाल्याला तर नाहीच नाही. दूध तपासायला पाहिजे, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्यातला जंतू वाढवून तो कुठला आणि कुठल्या औषधानं मरतो ते बघायचं. सड धुऊन कोरडा करायचा, टोक स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, पहिल्या दोन-चार धारा सोडून द्यायच्या आणि मग निर्जंतुक बाटलीत थोडंसं दूध, बाटलीच्या तोंडाला हात न लावता. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. हे औषध सुरू करायच्या आधी करायचं असतं, तुमचं तर सुरू झालंय, तेव्हा डॉक्टरांना विचारून मध्ये खंड पडल्यावर नमुना घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, नमुना कुठं पाठवायचा ते सांगतील. सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करावी.

नोकरीच्या सुरवातीच्या काळात मी स्वतः एक डोस टोचून बाकीच्या बाटल्या मालकाच्या हातात देऊन पुढच्या गावाला गेलेलो आहे, कारण गावं वीस आणि मी एकटा. कितीजणांनी कोर्स पुरा केला कुणास ठाऊक, कास मऊ झाली की उरलेली बाटली शेजारच्या गोठ्यात जायची. ते मला आजही खुपतं, म्हणून एवढं कळकळीनं लिहितोय.

नातवाबद्दल : दूध उकळता ना? मग जंतू मरतात. जास्त लक्ष हाताकडं द्या, शेण काढून, धार काढून साबणानं हात धुतल्याशिवाय पोराला घ्यायचं नाही. आणि एक चूक आपल्याकडं घरोघरी होते, इंजेक्शन चालू असलेल्या गाईचं दूध डेअरी घेत नाही म्हणून ते वासराला पाजतात. त्या दुधात थोडं थोडं औषध असतं, वासराच्या आतड्यात नेमके न मरणारे जंतूच वाढतात. ते दूध ओतून टाका, पैसे जातात हे मला कळतंय तरी सांगतोय. दगडीच्या गाईची धार शेवटी काढा, धारेनंतर सड आयोडीनमध्ये बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे अर्धा तास ती उभी राहील आणि सडाचं तोंड मिटेल. गाय आटवताना, म्हणजे विण्याआधी तिचं दूध बंद करताना, सडात औषधाची ट्यूब सोडायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा, लपलेल्या जंतूवर त्या काळात उपचार जास्त चांगला बसतो.

प्रश्न : विट्याजवळ माझी पोल्ट्री आहे. पूर्वी खाद्यात कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक असायचं, मर कमी व्हायची. ते बंद का केलं? एक जण अजून देतो म्हणतोय.

उत्तर : घेऊ नका दादा. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातलीय. कारण सांगतो. मिरजेच्या दवाखान्यांत किती लांबनं पेशंट येतात तुम्हाला माहितीये, त्यातला आयसीयूतला एखादा असा असतो की त्याच्या जंतूवर बाकी काहीच चालत नाही, तेव्हा जी एक-दोन औषधं हातात उरतात त्यात कोलिस्टिन आहे. किडनीला त्रास देणारं जुनं औषध, पण दुसरं नाही म्हणून द्यायचं. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांच्या ई. कोलायमध्ये एमसीआर-१ नावाचं जीन सापडलं, कोलिस्टिनला न जुमानणारं, आणि ते प्लाझमिडवर होतं, म्हणजे एकातनं दुसऱ्यात जाणारं. नंतर ते बऱ्याच देशांत, जनावरांत आणि माणसांत दोन्हीकडं मिळालं. जे औषध कुणाचा तरी शेवटचा आधार आहे ते आपण पिलं लवकर भरावीत म्हणून खाद्यात कालवत होतो. युरोपनं तर वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणंच १ जानेवारी २००६ पासून बंद केलं आणि तिथं पोल्ट्री बंद पडल्या नाहीत. लसीकरण वेळेवर, पाण्याला क्लोरीन, तूस कोरडा, शेडमध्ये हवा, यानं मर कमी होते, फक्त कष्ट जास्त आहेत.

आणि तुमचं खत द्राक्षबागेत नाहीतर उसात जात असणार. ताजं देऊ नका, ढीग लावून आत चांगला गरम होऊ दे, मधनंमधनं उलथा. उष्णतेनं बरेच जंतू मरतात, जीन्स मात्र अगदी सगळी जात नाहीत, म्हणून कोथिंबीर-मुळ्यासारखं कच्चं खायचं जिथं असेल तिथं ताजं खत अजिबात नको.

प्रश्न : साताऱ्यात राहते. रतिबाच्या दुधाला कधी कधी दही लागतच नाही. त्यात अँटिबायोटिक असेल का? उकळून जातं का ते?

उत्तर : असू शकतं, विरजणातले बॅक्टेरिया पेनिसिलिनसारख्या औषधानं मरतात. उकळून जंतू मरतात पण औषधाचा बराचसा अंश तसाच राहतो. औषधाच्या लेबलवर किती दिवस दूध विकायचं नाही ते लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर २०१२ च्या नियमाप्रमाणं दूध-अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस थांबायचं असतं. पण थंडीनं आणि जुन्या विरजणानं पण दही लागत नाही, तेव्हा गवळ्यावर लगेच आळ घेऊ नका. एकाच विरजणानं, एकाच रात्री, त्याचं दूध आणि दुसऱ्याकडचं दूध शेजारी शेजारी लावा. दुसरं लागलं आणि त्याचं नाही, असं दोन-तीनदा झालं, तर त्याला विचारा, गोठ्यात या आठवड्यात कुठल्या जनावराला इंजेक्शन चालू होतं.