आयोवाला निघालेला मुलगा आणि घरातला अबोला

"ताई, आम्ही 14 वर्षं ओमाहात आहोत, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. नवरा आयटीत आहे आणि नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, म्हणजे हस्कर्सचा, कट्टर फॅन आहे. आमच्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा शाळेच्या टीममध्ये डिफेन्सला खेळतो, बऱ्याच मोठ्या कॉलेजांनी त्याला ऑफर दिली होती आणि सगळे धरून चालले होते की तो इथेच लिंकनला, म्हणजे नेब्रास्का युनिव्हर्सिटीकडूनच, खेळणार. त्याने आयोवा निवडलं, शेजारचं राज्य, आमचे पक्के वैरी. इन्स्टाग्रामवर त्याने जाहीर केलं त्या रात्री नवऱ्याने खाली कमेंट टाकली, 'स्वतःच्या राज्याला विकलंस, परत इथे तोंड दाखवू नकोस.' हा मुलगा आमच्या घरी येतो हो. गणपतीत बेसमेंटमधून चौरंग त्याने एकट्याने वर आणून दिला होता. आमच्या मुलाने त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, 'जाऊ दे, तुझ्या बाबांची त्यातल्या त्यात साधी होती.' तीन आठवडे झाले, मुलगा बाबांशी बोलत नाही. नवरा म्हणतो हजारो लोकांनी लिहिलं, मी एकट्यानेच काय पाप केलं, आणि तो पैशासाठी गेला हे खरंच आहे. मुलाचे कॉलेजचे फॉर्म चालू आहेत, बाबा खोलीत आले की तो लॅपटॉप बंद करतो. मी मधल्यामध्ये अडकलेय, कोणाला समजावू? – ओमाहाची एक आई"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या लॅपटॉपच्या वाक्याशी थांबले. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुझ्या नवऱ्याबद्दल बोलू, कारण त्याला जे वाईट वाटलंय ते खरं आहे आणि ते कोणीतरी त्याच्याजवळ बसून ऐकून घ्यायला हवं.

मी स्वतः तिकडे मिडवेस्टमध्ये 20 वर्षं काढलीत. पहिल्या हिवाळ्यात दुकानात, बसस्टॉपवर, ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणी आपल्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही, आणि मग एक दिवस आपण कोणीतरी दिलेली त्या गावच्या टीमची टोपी घालून पेट्रोल भरायला जातो तर शेजारच्या पंपावरचा म्हातारा आपणहून विचारतो, काय, शनिवारी काय वाटतं तुला, जिंकू ना आपण? तो "आपण" शब्द माणूस विसरत नाही गं. नेब्रास्कात तर दुसरी कुठली मोठी प्रोफेशनल टीमच नाही, आहेत ते हस्कर्स. 1962 पासून लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधली घरची प्रत्येक मॅच हाउसफुल आहे आणि मॅचच्या दिवशी स्टेडियममध्ये एवढी माणसं असतात की ते राज्यातलं तिसऱ्या नंबरचं शहर होतं असं तिकडे सगळे सांगतात. तुझ्या नवऱ्याला त्या राज्याने आपलं म्हटलं ते हस्कर्सच्या ह्या लाल रंगातून. त्यात शेवटची चॅम्पियनशिप 1997 ची, म्हणजे तुम्ही तिथे गेलात त्याच्या कितीतरी आधीची, तेव्हा त्याने टीमवर जीव लावला तो सगळा पडत्या काळात. अशात गावचा चांगला मुलगा बाहेर गेला की लोकांना तो आपल्या घराला नाकारून गेल्यासारखं वाटतं. ओमाहाचाच झेवियर वॉट्स इंडियानातल्या नोत्र दाम युनिव्हर्सिटीला गेला आणि 2023 मध्ये देशातल्या सगळ्यात चांगल्या डिफेन्स खेळाडूची नागुरस्की ट्रॉफी घेऊन बसला, असलं काही झालं की जखम परत ओली होते. हे सगळं मला समजतं.

पण वाईट वाटणं आणि 17 वर्षांच्या मुलाच्या नावाखाली ते लिहिणं ह्यात फार अंतर आहे, आणि ती कमेंट चूकच आहे, त्यात मी तुझ्या नवऱ्याची बाजू अजिबात घेणार नाही. त्या मुलाचं वाक्य परत वाच, "त्यातल्या त्यात साधी होती." म्हणजे त्याने सगळ्या वाचल्यात. रात्री पलंगावर पडून अंगठ्याने एकेक वर सरकवत, कुठली किती वाईट हे मनात लावून ठेवलंय त्याने, आणि त्या रांगेत तुमच्या घरातलं, ज्या घरात तो बूट बाहेर काढून येतो त्या घरातलं नाव त्याला सापडलं. नवरा म्हणतो हजारो लोकांनी लिहिलं. बरोबर, पण त्या हजारांतल्या किती जणांच्या घरी त्याने चौरंग उचललाय?

आता पैशाचं. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घेता येतात, आणि 2025 पासून युनिव्हर्सिटी थेटही देऊ शकतात. त्याआधी कित्येक दशकं टीव्हीचे पैसे, तिकिटांचे पैसे, कोचचे कोटींचे करार सगळं चालू होतं, फक्त ज्यांचे गुडघे जायचे त्या मुलांना स्कॉलरशिपच्या वर काही नव्हतं. कॉलेजात खेळणाऱ्या शंभर मुलांतली दोनसुद्धा पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, पोचत नाहीत, मग त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी पैसा बघितला असेल तर बरंच केलं. आणि खरं सांगू का, तो पैशासाठीच गेला हे तुझ्या नवऱ्याला कुठून कळलं? कदाचित त्याला तिथला पोझिशन कोच, म्हणजे त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांना शिकवणारा कोच, आवडला असेल, कदाचित लिंकनवाल्यांनी आधी दुसऱ्याच कोणाला घ्यायचं ठरवलं असेल, कॉलेजंही दिलेल्या ऑफर मागे घेतात. तोंडी कमिट झाल्याने कुठलीच बाजू बांधली जात नाही, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सही झाली की मगच पक्कं.

नवऱ्याला दोन गोष्टींची आठवण करून दे, भांडून नको, चहा घेताना. 2023 च्या डिसेंबरमध्ये डिलन रायोला हा क्वार्टरबॅक, म्हणजे टीमची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्जिया युनिव्हर्सिटीला दिलेला शब्द फिरवून नेब्रास्काला आला तेव्हा अख्ख्या राज्याने दिवाळी केली होती, तुझ्या घरीही केली असेल. तो तेव्हा जॉर्जियातल्याच शाळेत शिकत होता. तिकडच्या कोणातरी बाबांना तो आपल्या राज्याला विकणारा मुलगाच वाटला असणार ना! आणि दुसरा स्कॉट फ्रॉस्ट, हाही क्वार्टरबॅक. हा तर वुड रिव्हर नावाच्या लहानशा गावातला, पक्का नेब्रास्काचा, आणि 1993 मध्ये तो सगळ्यांना सोडून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीला गेला. दोन वर्षांनी परत आला तर सुरुवातीला आपल्याच स्टेडियममध्ये लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच मुलाने 1997 ची ती शेवटची चॅम्पियनशिप जिंकून दिली, जिच्यावर तुझा नवरा आणि त्याच्यासारखे लाखो आजवर जगतायत. पुढे 2017 च्या शेवटी त्यालाच कोच म्हणून वाजतगाजत आणलं आणि 2022 मध्ये सीझनच्या तीनच मॅच झाल्यावर काढलं. आता इतके वेळा ज्यांचं मत फिरतं त्यांनी 17 वर्षांच्या पोराकडून जन्माची निष्ठा मागायची हे मला पटत नाही.

आता लॅपटॉप. तू लिहिलंयस की मुलगा मित्रासाठी रागावलाय, अर्धं ते बरोबर आहे. उरलेलं अर्धं मला असं दिसतंय की त्याच्या स्क्रीनवर नेब्रास्काबाहेरचं कुठलंतरी कॉलेज आहे. त्याने त्या रात्री काय बघितलं? बाबांच्या मनासारखं कॉलेज न निवडणाऱ्या मुलाला बाबा "तोंड दाखवू नकोस" म्हणतात. कमेंट मित्राला होती पण ऐकली तुझ्या मुलाने स्वतःसाठी. कोणाला समजावू असं विचारतेस ना, मुलाला अजिबात समजावू नकोस, "जाऊ दे, बाबाच आहेत" हे तर बोलूच नकोस, त्याचं काही चुकलेलं नाही. त्याला एवढंच विचार की तू कुठली कॉलेजं बघतोयस, मला दाखव, आणि शेजारी बसून बघ.

नवऱ्याशी मात्र बोलावं लागेल आणि ह्याच आठवड्यात. कमेंट डिलीट करायची, पण गुपचूप डिलीट करून विषय संपवायचा नाही. आधी स्वतःच्या मुलाकडे जायचं आणि म्हणायचं, मी चुकलो, आणि तू कुठेही गेलास तरी हे घर तुझंच आहे. हे दुसरं वाक्य त्याला जड जाईल कारण त्याने ते कधी बोलायची गरज पडेल असं धरलंच नव्हतं, म्हणून तू आधी त्याला सांग की मुलगा काय समजून बसलाय. फीचं बोलणं वेगळं ठेवा हं. बाहेरच्या राज्यातली फी जड असते, ते आकडे उघडपणे मुलासमोर मांडा, पण त्यात निष्ठा, राज्य, आपली माणसं असलं काही मिसळू नका, नाहीतर त्याला पैशाचं कारण खोटं वाटेल.

त्या मुलाची माफी नवऱ्याने स्वतः मागावी, तुमच्या मुलाच्या हाती निरोप पाठवून नाही. चार ओळींचा मेसेज पुरे, त्यात "पण" हा शब्द नको आणि खुलासेही नकोत. त्याने उत्तर दिलं नाही तर नाही दिलं, मागे लागू नका. आणि त्याच्या आईला तू फोन कर. तीन आठवडे ती गावात खाली मान घालून वाणसामान आणत असेल गं, तिला तुझा आवाज ऐकू दे.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ब्लॅक फ्रायडेला, नेब्रास्का आयोवाशी खेळते. तुझ्या नवऱ्याने लाल स्वेटशर्ट घालावा, घसा बसेपर्यंत ओरडावं, त्याला कोणीही अडवू नये. तोवर मुलगा बोलायला लागला असेल असं मी ठामपणे सांगू शकत नाही, तीन आठवड्यांचा अबोला एका माफीत सुटत नाही, पण मॅचच्या वेळी तो आपणहून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला तर त्याला काही विचारू नका, वाटीत शेंगदाणे असतील तर वाटी तेवढी त्याच्याकडे सरकवा. सह्या त्यानंतर आठवडाभरात, शाळेत बहुधा कार्यक्रम असेल. तिथे जायचं की नाही ते नवऱ्याने ठरवायचं नाही, त्या मुलाने "या" म्हटलं तर जायचं आणि मागच्या रांगेत उभं राहायचं. तू मात्र नक्की जा, आणि त्या मुलाला आपल्याकडचं काय आवडतं ते तुला माहीत असेलच, त्याचा डबा घेऊन जा.