नाशिकमध्ये ड्रायव्हिंग स्कूल काढतोय, संघटनेचं सभासद व्हावं का?

व्हा. पण वर्गणीची पावती घेण्याआधी सचिवांकडे जावक वही मागा. गेल्या वर्षभरात कोणत्या कार्यालयाला, कोणत्या नियमाखाली, काय लिहिलं ते बघा.

तुम्ही लिहिलंय की सिडकोत स्कूल काढायचं चाललंय, संघटनेचे दोघं येऊन गेले आणि "सरकारदरबारी आपली बाजू आम्हीच मांडतो" म्हणाले. तर ही बाजू मांडणं म्हणजे नक्की काय, की नुसते हारतुरे आणि फोटो? मी पंचवटीत स्कूल चालवतो आणि काही काळ जिल्ह्याच्या संघटनेत कार्यकारिणीवर होतो. हारतुरे असतात, भरपूर असतात. नवे साहेब बदलून आले की पेठ रोडच्या आरटीओत बुके घेऊन जाणाऱ्यांत आम्ही पुढे. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या फोटोवरून संघटना मोजू नका.

खरं काम वेगळं आहे. आपल्या धंद्यावरचा कुठला नियम दिल्लीत ठरतो, कुठली गोष्ट मुंबईत आणि कुठली पेठ रोडच्या आरटीओतच सुटते, हे ज्या संघटनेला कळतं ती कामाची. आमच्याकडे वर्षानुवर्षं दिल्लीच्या नियमाची निवेदनं पालकमंत्र्यांना दिली गेली. ते घेतात, पीएकडे देतात, पुढे काही होत नाही. होणार कसं? ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना, गाड्या, प्रशिक्षक, अभ्यासक्रम हे सगळं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम २४ ते ३१ मध्ये आहे. राज्याला त्यातला स्वल्पविरामही हलवता येत नाही.

आता तुमच्याच कामाचं बघा. नियम २४ प्रमाणे प्रशिक्षक किमान दहावी पास हवा, पाच वर्षांचा गाडी चालवण्याचा अनुभव हवा, शिवाय मोटार मेकॅनिकचं मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं. वीस वर्षं घाटातून ट्रक काढलेला माणूस हाताशी असतो, शिकवतोही उत्तम, पण आयटीआयचा कागद नाही म्हणून कागदोपत्री चालत नाही. दुचाकी सोडून सगळ्या गाड्या डबल कंट्रोलच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक-क्लच असलेल्या, लागतात. वर्गात ठेवायच्या सामानाच्या यादीत अजूनही इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम आहेत. इलेक्ट्रिक गाडीवर शिकणाऱ्याला तो गिअरबॉक्स दाखवून काय सांगायचं, हे मला विचारू नका. ही यादी बदलावी असं राज्यातल्या कुठल्याही मंत्र्याला सांगणं म्हणजे महापालिकेत जाऊन रेल्वेचं तिकीट मागण्यासारखं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. त्यावर हरकती-सूचनांसाठी साधारण तीस दिवस मिळतात. हरकत तेव्हा जायला हवी, दिल्लीतल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला, कलमवार, आणि बदली शब्दरचना सुचवून. आपली संघटना मसुदा आल्याचं व्हॉट्सॲपवर कळवते की अंतिम अधिसूचना निघाल्यावर निषेध करते, एवढं एक विचारून घ्या.

सगळ्यात मोठा वाद आहे मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा. ७ जून २०२१ च्या अधिसूचनेने नियम ३१बी ते ३१जे आले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. अशा केंद्रात शिकलेल्याला आरटीओत ट्रॅकवर टेस्ट द्यावी लागत नाही. पण केंद्रासाठी हलक्या वाहनांना एक एकर आणि जड वाहनांना दोन एकर जागा, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक हे सगळं लागतं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. गंगापूर रोडला सोडाच, मखमलाबादच्या पुढेही चाळीस गुंठे घेऊन त्यावर मारुतीच्या गाड्या फिरवणं स्कूलवाल्याला परवडत नाही. म्हणून सभेत "रद्द करा"चा ठराव हात वर करून मंजूर होतो.

माझं मत इथे बहुतेकांशी जुळत नाही. त्या केंद्रांचा कारचा कोर्स २९ तासांचा आहे, ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. आपल्याला नियमाने लागतात २१ दिवसांत प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास. आणि ते दहा तरी किती ठिकाणी पूर्ण होतात हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचं बघण्याचा वेळही धरला जातो. सरकारपुढे जाऊन "आमचे दहाच राहू द्या" म्हणण्यात दम नाही. जागेची अट शहराप्रमाणे शिथिल करा, ट्रॅक सामायिक चालू द्या, हे म्हणण्यात आहे. अर्ज संस्था-कंपन्यांनाही करता येतो, मग दहा-पंधरा स्कूलवाल्यांनी मिळून एक संस्था काढून सिन्नर किंवा दिंडोरीच्या बाजूला एक केंद्र का उभारू नये? मी मांडलं होतं. अध्यक्ष कोण होणार, यावर ती चर्चा संपली.

संघटनेचा खरा उपयोग झालेला मी पाहिला तो २०२४ च्या मे-जूनमध्ये. "१ जूनपासून ड्रायव्हिंग स्कूलच टेस्ट घेणार, आरटीओत जायची गरज नाही" अशा बातम्या फिरल्या आणि लोक दारात उभे. पैसे घ्या, लायसन्स द्या. शेवटी केंद्रीय मंत्रालयाने खुलासा केला की १ जूनपासून काहीच बदललेलं नाही, आणि नियम २४ खालच्या साध्या स्कूलच्या पाच नंबर फॉर्मवर, म्हणजे शिकून झाल्याच्या प्रमाणपत्रावर, टेस्ट माफ होत नाही. संघटनेने तो खुलासा मराठीत करून सगळ्यांना पाठवला, आम्ही तो काउंटरवर चिकटवला. रोजची भांडणं थांबली.

मुंबईचं दार म्हणजे परिवहन आयुक्त. जून २०२१ मध्ये राज्यात घरबसल्या लर्निंगची परीक्षा सुरू झाली आणि आमच्या सभेत एकच सूर होता की ती बंद करा. कारण उघड आहे, लर्निंगसाठी येणारं गिऱ्हाईक गेलं. पण "आमचं गिऱ्हाईक गेलं" हे निवेदनात लिहिता येत नाही. परीक्षा देणारा माणूस आणि अर्जातला माणूस एकच आहे का, ही पडताळणी कडक करा, एवढीच मागणी टिकणारी होती. उद्या तुमचा परवाना निलंबित झाला तर त्यावरचं अपीलही राज्याच्या परिवहन खात्याच्या प्रमुखांकडेच जातं, नियम २९ प्रमाणे, तीस दिवसांच्या आत. त्या आठवड्यात अपील लिहून देणारा जुना सभासद ओळखीचा असणं वर्गणीपेक्षा मोलाचं आहे.

उरलेलं सगळं पेठ रोडला. टेस्टचे स्लॉट किती उघडतात, तालुक्याच्या कॅम्पला किती गाड्या घेतात, चौदा आणि पंधरा नंबरची रजिस्टरं (शिकणाऱ्यांची नोंद आणि त्यांनी गाडी चालवलेल्या तासांची नोंद) कोणत्या नमुन्यात चालतात, पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी कोणता निरीक्षक काय बघतो. एक साहेब जागेचा भाडेकरार बघून समाधान मानतात, दुसरे गाडीवरच्या फोन नंबरची अक्षरं बघतात (ठळक हवीत, नियमातच आहे). इथे एकट्याने भांडलात तर तुमची फाइल खाली जाते. संघटनेने सगळ्यांच्या वतीने लेखी विचारलं तर उत्तर सगळ्यांना मिळतं. न मिळालं तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच.

एका गोष्टीपासून लांब राहा. सभेत कधीतरी रेट कार्डाचा विषय निघतो, की सगळ्यांनी कारला अमुक फी लावायची, कमी घेणाऱ्याला काढून टाकायचं. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ प्रमाणे याला मनाई आहे, आणि दंड संघटनेबरोबर पदाधिकाऱ्यांपर्यंतही येऊ शकतो. अशा ठरावावर सही करू नका. चहा घ्या आणि निघा. विनापरवाना, साध्या गाडीत शिकवणाऱ्यांविरुद्ध तक्रार असेल तर जरूर सही करा.

परवान्यासाठी तुम्हाला बारा नंबरचा अर्ज आणि १०,००० रुपये फी भरायची आहे. त्यात संघटनेच्या शिफारसपत्राची अट कुठेही नाही. "सभासद झाल्याशिवाय परवाना निघत नाही" असं त्या दोघांपैकी कोणी म्हणालं असेल, तर ते साफ खोटं आहे.