सांता गर्ट्रुडिसचं सीमेन शोधण्यापेक्षा एचएफला गीर भरवा

सत्तरी, डिचोली, पेडण्यातून सध्या एकच प्रश्न येतोय. मोबाईलवर त्या लाल सांता गर्ट्रुडिस गायींचा व्हिडिओ बघितला, भर उन्हात आरामात चरतात, गोचीडही कमी लागते म्हणे, आणि आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाच्या विदेशी गायी) मे महिन्यात धापा टाकतात, तर सांता गर्ट्रुडिसचं सीमेन (कृत्रिम रेतनासाठीचं वळूचं वीर्य) गोव्यात मिळेल का?

मंडळी, जात चांगलीच आहे पण ती मांसासाठी तयार केलीय. टेक्सासच्या किंग रँचवर शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण या गायींच्या दोन जातींच्या संकरातून झाली, १९४० मध्ये अमेरिकन सरकारने मान्यता दिली. दूध वासराला भरपूर, पण डेअरीत घालायला ती गाय नाही आणि आपलं घर तर डेअरीच्या बिलावर चालतं. शिवाय परदेशी सीमेन आणायला केंद्राची परवानगी लागते, त्यामुळे कोणी व्हॉट्सॲपवर तिच्या सीमेनची स्ट्रॉ (गोठवलेल्या सीमेनची नळी) विकत असेल तर कृपा करून पैसे पाठवू नका.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तिच्यात उन्हाची ताकद आली कुठून? ब्राह्मणमधून, आणि ब्राह्मण अमेरिकेत तयार झाली ती आपल्या गीर, ओंगोल, कांकरेज अशा जनावरांपासून! सैल कातडी, आखूड केस, घाम जास्त, हे सगळं आपल्याच गायींचं. सांता गर्ट्रुडिसमध्ये ब्राह्मणचं हे रक्त ३/८ धरतात.

मग हिशोब बघा, तुमची गाय ७५ टक्के एचएफ असेल तर तिला गीर किंवा साहिवाल या देशी जातीचं सीमेन भरवा, कालवड साडेसदतीस टक्के एचएफची होईल, म्हणजे विदेशी रक्त ३/८ आणि बाकी ५/८ देशी. दूध आईपेक्षा कमी येईल हे आधीच सांगतो, पण उन्हाळ्यात ती टिकेल आणि औषधाचा खर्च वाचेल. गाय निम्मी एचएफ असेल तर तिला परत एचएफ अजिबात नको. आणि घरी आपली पांढरी श्वेतकपिला असेल तर तिला श्वेतकपिलाच भरवा, संकर करून ती घालवू नका, गोव्याची नोंद झालेली जात आहे ती.

आत्ता गोठ्यात आहेत त्यांचं काय? नुसतं पाणी मारू नका, आपल्याकडे हवा दमट, पाणी सुकतच नाही, उलट गोठा कोंदट होतो, त्यामुळे आधी पंखा आणि दोन्ही बाजू मोकळ्या, मग फवारा. चारा पहाटे आणि रात्री जास्त घाला. गोचीडाचं औषध अंगावर मारता तसं भिंतीच्या फटीतही मारा, अंडी तिथेच असतात. ताप येऊन लघवी कॉफीसारखी झाली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला बोलवा.