लंडनच्या शेल्टरमध्ये व्हॉलंटियर व्हायला एफडी मोडू का?

घाटंजी तालुक्यातल्या एका ताईंचा मेसेज आलाय, थोडक्यात सांगतो. वय ३१, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालेलं, पाच वर्षांपासून महिला समुपदेशन केंद्रात कॉन्ट्रॅक्टवर, मानधन १७ हजार. घटस्फोटात एकरकमी पोटगीचे ६ लाख मिळाले ते तालुक्याच्या एका पतसंस्थेत एफडीला, आरडीत ८० हजार, राहणं आई-भावाजवळ, भावाची ५ एकर कोरडवाहू. आता एक एजन्सी त्यांना ९ महिने लंडनला, नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या शेल्टरमध्ये व्हॉलंटियर म्हणून पाठवतो म्हणते, फी ३ लाख ९० हजार, राहणं त्यात धरून. ताई विचारून राहिल्या की एफडी मोडू का, आणि कमी पडले तर आई तिची पोत गहाण ठेवायला तयार आहे.

ताई, एफडी मोडू नका आणि आईच्या पोतीला तर हातच लावू नका. तुम्ही जाऊच नका असं मी म्हणत नाही, या एजन्सीच्या मार्गानं जाऊ नका असं म्हणतो.

तुमच्या मेसेजमध्ये एक ओळ आहे, "ते म्हणतात व्हिजिटर व्हिसावर जा, तिथं गेल्यावर वाढवून घेऊ", ती वाचून मला खरंच धडकी भरली. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीत, म्हणजे सेवाभावी संस्थेत, जास्तीत जास्त ३० दिवस व्हॉलंटियरिंग करता येतं, नऊ महिने नाही, आणि तिथं बसल्याबसल्या तो व्हिसा चॅरिटी वर्करच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. त्या कामाचा व्हिसा वेगळा असतो, तो भारतातूनच काढावा लागतो, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा, आणि त्यासाठी स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट ती चॅरिटी स्वतः देते, तिच्याकडे सरकारी स्पॉन्सर लायसन्स असावं लागतं. लायसन्स असलेल्यांची यादी ब्रिटन सरकारच्या वेबसाइटवर सगळ्यांना बघता येते. एजन्सीला शेल्टर चालवणाऱ्या संस्थेचं नाव विचारा अन् त्या यादीत शोधा. शेल्टरचा पत्ता गुप्त असतो हे बरोबर आहे, नवऱ्यानं शोधत येऊ नये म्हणून तो तसाच ठेवतात, पण संस्थेचं नाव गुप्त नसते. एजन्सीनं तुम्हाला नावही सांगायला नकार दिला हे मला अजिबात पटलं नाही.

आता पैशाचं बघू. कायदेशीर मार्गानं जायचं धरलं तर एजन्सीची फी ३.९० लाख, व्हिसाची फी तीनशे पौंडांच्या वर, त्यात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार म्हणून आरोग्य सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) पूर्ण वर्षाचा भरावा लागेल, तो १,०३५ पौंड, म्हणजे पौंड ११५ रुपये धरला तरी दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर गेले. येण्याजाण्याचं तिकीट ८० हजार धरा. जेवण आणि बस-मेट्रो अगदी हात आखडून महिना २५० पौंड म्हटले तरी नऊ महिन्यांचे २ लाख ५९ हजार. झाले पावणेनऊ लाखांच्या वर. आणि इथलं नऊ महिन्यांचं मानधन बुडलं ते १ लाख ५३ हजार वेगळंच. शिवाय व्हिसाच्या अर्जाआधी १,२७० पौंड, म्हणजे दीड लाखाच्या जवळपास, सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, नाहीतर संस्थेनं तुमच्या खर्चाची हमी घ्यावी लागते. तुमच्याकडे सगळे मिळून ६.८० लाख आहेत. म्हणजे जायच्या आधीच दोन लाखांचा खड्डा, अन् तो भरायला पोत. त्या व्हिसावर तुम्हाला पगार घेता येत नाही, म्हणजे तिथून काही कमवून पोत सोडवायचाही प्रश्न नाही. परत आल्यावर कॉन्ट्रॅक्ट राहील का, हे तर तुमच्या मेसेजमध्ये कुठंच नाही, ते केंद्रात आधी विचारा आणि बिनपगारी रजा देणार असतील तर लेखी घ्या.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्या ६ लाखांबद्दल. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत आर्थिक छळ पण धरलाय, घरखर्चाला पैसा न देणं, स्त्रीधन विकून टाकणं, हे तुम्ही रोज टेबलापलीकडच्या बाईला समजावून सांगता. तुमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बाया हातात पैसा नाही म्हणून परत त्याच घरी जातात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तुमच्याजवळ तो पैसा आहे, तुम्ही तो भोगून-सोसून मिळवलाय, उद्या भावाचं लग्न झालं, घरात जागा कमी पडली, किंवा सोयाबीन पाण्यात गेलं, तर खोली भाड्यानं घेऊन सहा महिने काढायची ताकद त्याच पैशात आहे. दुसऱ्या बायकांची सेवा करायला म्हणून तो संपवायचा, हे मला मान्यच नाही. तुम्हाला कोणी स्वार्थी म्हणणार नाही.

आणि तिथं काम काय मिळणार तेही बघा. ब्रिटनमध्ये असं पहिलं आश्रयघर १९७१ ला लंडनच्या चिझविक भागात सुरू झालं, म्हणजे हे काम तिथं पन्नास वर्षांहून जुनं आहे, ट्रेन केलेला पगारी स्टाफ असतो, थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला बहुतेक वेळा देणगीचे कपडे लावणं, लेकरं सांभाळणं, ऑफिसचं काम असं देतात, आणि ते बरोबरच आहे, जखमी बाईनं आपलं मन अशा माणसासमोर कशाला उघडं करावं जो पाहुण्यासारखा येऊन निघून जाणार. तुमची पाच वर्षांची समुपदेशनाची कमाई तिथं कपाटात राहील, आणि वरून त्याचे पैसे तुम्हीच भरणार.

जायचंच असेल तर जे लोक व्हॉलंटियरचा खर्च उचलतात त्यांच्याकडे अर्ज करा ना. यूएन व्हॉलंटियर्स आहे, संयुक्त राष्ट्रांचं, जर्मनीतल्या बॉनमधून चालतं, निवड झाली तर राहण्या-खाण्याचा भत्ता, प्रवास, विमा देतात, आणि अर्जाला एक रुपया फी नाही. व्हीएसओ ही व्हॉलंटियर पाठवणारी ब्रिटनची १९५८ पासूनची संस्था पण राहणं अन् भत्ता देते. स्पर्धा भरपूर आहे, पहिल्या झटक्यात होईलच असं नाही, पण एमएसडब्ल्यू आणि पाच वर्षांचा फील्डचा अनुभव हे तिथं वजनाचं आहे. लंडनच डोक्यात असेल तर साऊथॉल ब्लॅक सिस्टर्ससारख्या संस्था बघा, १९७९ पासून आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायकांसाठी काम करतात, तिकडं हिंदी-मराठी बोलणाऱ्या बाईचं मोल कळतं. बाहेरच्या लोकांना घेता का, एवढं थेट मेल टाकून विचारा, मधात एजन्सी कशाला. या सगळ्यासाठी आरडीचे ८० हजार वापरा, पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स, इंग्रजी सुधारायचा क्लास. आरडी संपली तरी तुमचं काही अडणार नाही.

एफडी लंडनसाठी मोडायची नाही, पण ती आहे तिथंही ठेवू नका. बँकेत ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही, मग साडेनऊ टक्के देवो की दहा. मार्चमध्ये मुदत संपते म्हणालात, तेव्हा आपोआप रिन्यू होऊ देऊ नका. ५ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका, महिन्याला तीन हजारांच्या आसपास येतील, बाकीचा लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, निव्वळ तुमच्या नावाच्या खात्यावर. आणि लग्नाच्या वेळी काढलेली एलआयसी पॉलिसी अजून चालू आहे म्हणता, तिच्यावर नॉमिनी कोण आहे ते या आठवड्यातच बघून घ्या, जुनंच नाव असेल तर आईचं टाका.