अपघात दावा : केसपेपरवरच्या पहिल्या ओळीपासून

गळीत हंगाम सुरू झाला की या सदराकडे अपघाताची पत्रं वाढतात. सारख्या प्रश्नांची पत्रं एकत्र करून या वेळी सहा प्रश्न घेतले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या बहुतेक उत्तरांचा पाया तिथेच आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय ३४) शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर आहे. हायवेवर कारने त्याच्या मोटारसायकलला मागून धडक दिली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला. आधी सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) नेलं, मग खासगी दवाखान्यात. चार महिने झाले. पाहुणे म्हणतात, पाय पूर्ण बरा झाल्यावरच केस टाका. पगार अठरा हजार, पण निम्मा बँकेत आणि निम्मा हातात मिळतो. (कागल)

पाहुण्यांचं ऐकू नका. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज दाखल व्हावा लागतो. या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तो उशीर झालेल्यांसाठी आधार आहे. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत, ते वापरा. उपचार चालू असताना अर्ज करता येतो. पुढची बिलं आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, मागणीची रक्कमही दुरुस्त करता येते.

अर्ज कसबा बावड्याच्या न्याय संकुलात, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. कारचा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा.

आता कागद. सगळ्यात आधी सीपीआरचा केसपेपर काढा आणि त्यावरची पहिली ओळ वाचा. जखम कशी झाली हे डॉक्टरांनी तिथे लिहिलेलं असतं. घाईत, किंवा पोलिसांचं लचांड नको म्हणून, सोबतच्या माणसाने ‘गाडीवरून घसरून पडला’ असं सांगितलेलं असतं आणि तेच लिहिलं जातं. दोन वर्षांनी उलटतपासणीत कंपनीचे वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतात : कार कुठे आहे यात? तुमच्या केसपेपरवर असं काही निघालं तर खाडाखोड करून घेण्याच्या फंदात पडू नका, त्याने होतं नव्हतं तेही जातं. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नंबर, दवाखान्याने पोलीस चौकीला दिलेली खबर, १०८ रुग्णवाहिकेची नोंद आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष यांनी त्या ओळीला उत्तर देता येतं. खासगी दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डवर मात्र ‘रस्ता अपघात’ आणि अपघाताची तारीख आहे ना, हे आजच पाहा.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जखमेचा दाखला, कारचं आरसी, चालकाचं लायसन्स आणि विमा पॉलिसी यांच्या नकला घ्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. चार महिन्यांत तो गेला नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारणा कुठल्याही फायलीत दिसत नाही.

पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही पाहा. विमा संपलेला असताना अपघात होतो आणि मालक धावतपळत त्याच दिवशी नवा विमा काढतो, असे प्रकार घडतात. संरक्षण किती वाजल्यापासून सुरू झालं हे पॉलिसीवर छापलेलं असतं. एफआयआरमधली वेळ त्याच्या आधीची असेल तर कंपनी सुटते आणि रक्कम मालकाकडून वसूल करत बसावं लागतं. चालकाकडे लायसन्स नव्हतं, असं निघालं तर मात्र घाबरू नका. अशा वेळी बहुधा कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो.

रक्कम कशी ठरते ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. महिना १८,००० म्हणजे वर्षाला २,१६,०००. कायम नोकरी नसलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, म्हणजे ३,०२,४००. वय ३१ ते ३५ साठी गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. न्यायाधिकरणाने कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरलं तर या एका सदराखाली ९,६७,६८० रुपये होतात. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी कपात होते, तशी इथे होत नाही. पण भावाचे बँकेतले नऊ हजारच सिद्ध झाले तर हाच आकडा ४,८३,८४० वर येतो. हातात मिळणाऱ्या पगाराचा पुरावा नसणं केवढ्याला पडतं ते यावरून बघा. पीएफ पासबुक, ईएसआयचा नंबर, हजेरीकार्ड, ठेकेदाराचा मस्टर, जे असेल ते गोळा करा. नुसतं पगाराचं पत्र चालत नाही. ते देणाऱ्याने रजिस्टर घेऊन साक्षीला यायला हवं. तो येईल का, हे आत्ताच विचारून ठेवा.

दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर ‘उजवा पाय ४० टक्के’ लिहितात, तो पायापुरता आकडा. पूर्ण शरीराच्या हिशेबाने तो कमी होतो, आणि कामावर परिणाम किती हे न्यायाधिकरण ठरवतं. बसून काम करणाऱ्या कारकुनाला आणि दिवसभर उभं राहून साचे उचलणाऱ्या मोल्डरला एकाच जखमेची वेगवेगळी भरपाई मिळते ती यामुळेच. म्हणून भाऊ नेमकं काय काम करत होता, किती वजन उचलत होता, उकिडवं बसावं लागत होतं का, हे अर्जातच लिहा. आमच्या पाहण्यातल्या निम्म्या अर्जांत नुसतं ‘खासगी नोकरी’ असतं. दाखला हाड जुळल्यावर, उपचार थांबल्यावर काढा, आणि तो देणारे डॉक्टर साक्षीला येतील याची खात्री करा.

याखेरीज औषधोपचार, कामावर न गेलेल्या महिन्यांचा पगार, सोबतीला ठेवलेला माणूस, ये-जा, सकस आहार, वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया या सदरांखाली मागणी करता येते. अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याजही मिळतं. भावाने हेल्मेट घातलं नव्हतं असा मुद्दा निघाला, तर मांडीच्या हाडाचा हेल्मेटशी काही संबंध नाही, हे उत्तर पुरेसं आहे.

प्रश्न : रात्री राधानगरी रोडवर उसाची डबल ट्रॉली अंधारात उभी होती. मुलगा मोटारसायकलने मागून धडकला, हाताची दोन हाडं मोडली. पोलिसांनी गुन्हा मुलावरच नोंदवला. आता दावा होतच नाही का? (भोगावती)

होतो. एफआयआर हा शेवटचा शब्द नव्हे. न्यायाधिकरण पुरावा तोलून दोष कुणाचा किती हे स्वतः ठरवतं. दोष वाटून गेला, समजा ट्रॅक्टरचा ६० आणि मुलाचा ४० टक्के, तर भरपाईतून ४० टक्के कापून उरलेली मिळते.

सगळं पंचनाम्यावर आहे. ट्रॉलीची चाकं डांबरी रस्त्यावर होती की साइडपट्टीवर, मागे रिफ्लेक्टर होता का, की उसाच्या वाढ्यांखाली झाकला गेला होता, मागचा दिवा चालू होता का, जवळ पथदिवा होता का, चाकामागे दगड लावून ट्रॉली सोडून दिली होती का. पंचनाम्यात या गोष्टी नसतील तर त्या रात्रीचे कुणाच्या मोबाइलमधले फोटो शोधा, आणि ते ज्याने काढले त्यालाच साक्षीदार करा. फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोला फारसं वजन राहत नाही.

ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर वेगवेगळे लिहून घ्या. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो, किंवा विमा फक्त शेतीकामासाठी असतो आणि कंपनी ऊस वाहतुकीकडे बोट दाखवते. हा वाद पुढे येणार हे धरून मालक कोण, ट्रॉली कुणाच्या नावावर, कारखान्याशी करार कुणाचा, हे आधीच काढा.

आणि दोष पूर्णपणे मुलावर येईल अशी भीती असेल तर कलम १६४ आहे. त्यात समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख अशी ठरावीक रक्कम आहे. मात्र दोन्ही कलमांखाली पैसे मिळत नाहीत, म्हणून निवड वकिलांशी बसून करा.

प्रश्न : गगनबावडा रोडवर आईला अनोळखी गाडीने उडवलं. गाडीचा पत्ताच नाही. (कळे)

अशा वेळी दावा न्यायाधिकरणाकडे नाही, महसूल खात्याकडे जातो. अपघात ज्या भागात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात दावा चौकशी अधिकाऱ्याकडे फॉर्म १ भरून द्या. मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला २ लाख. सोबत एफआयआर, जखमेचा दाखला, ओळखपत्र, पासबुकची प्रत आणि फॉर्म ४ मधलं हमीपत्र लागतं. पुढे गाडी सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

एफआयआरमध्ये ‘अज्ञात वाहन’ हे शब्द हवेत. नुसत्या स्टेशन डायरीतल्या नोंदीवर हे काम होत नाही.

उपचाराचा भार वेगळा. ५ मे २०२५ च्या योजनेप्रमाणे अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळू शकतात, आणि गाडी अज्ञात असली तरी ती लागू आहे. दवाखान्यात दाखल करतानाच हे बोला, बिल झाल्यावर नव्हे.

प्रश्न : अपघात निपाणीजवळ झाला, आम्ही राहतो उचगावला. केस कर्नाटकात चालवायची का? (उचगाव)

गरज नाही. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, म्हणजे कोल्हापुरात. अडचण वेगळीच येते : एफआयआर आणि पंचनामा कानडीत असतात. त्यांचं प्रमाणित भाषांतर सुरुवातीलाच जोडा, नाहीतर तारखा त्यातच जातात.

प्रश्न : मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. रंकाळ्याजवळ कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, माझा खुबा मोडला. दुसरी गाडी नव्हती. मित्राचा विमा चालू आहे. (कोल्हापूर)

विमा चालू आहे एवढ्याने भागत नाही, तो कुठला आहे ते पाहा. दुचाकीच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला येत नाही. पॅकेज पॉलिसी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट घेतलेला विमा) असेल तर येतो. पॉलिसीच्या हप्त्याच्या तक्त्यात मागे बसणाऱ्यासाठी वेगळी ओळ आणि रक्कम आहे का हेही वाचा. थर्ड पार्टीच असेल तर जबाबदारी मित्राच्या खिशावर येते, आणि तीसुद्धा त्याची चूक दाखवता आली तर. कुत्रं अचानक आडवं आलं असताना ते सोपं नाही. दावा करायचा की नाही हे मग मैत्रीचं गणित.

मित्राच्या नावावर पंधरा लाखांचा मालक-चालक अपघात विमा असेल. त्यातून तुम्हाला काही मिळत नाही आणि त्यालाही नुसत्या फ्रॅक्चरला मिळत नाही. तो मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व आणि हात, पाय वा डोळा गमावण्यासाठी आहे.

दुसरी गाडी असती तर चित्र पालटलं असतं. दोन्ही चालकांची चूक असली तरी मागे बसलेला दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. ट्रिपल सीट होतात एवढ्यावरून तुमचा दोष धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. अपघात त्यामुळे घडला हे दाखवावं लागतं.

प्रश्न : विमा कंपनीचा माणूस घरी येऊन अडीच लाख घ्या आणि सही करा म्हणतो. मेडिक्लेममधून बिलं भागली आहेत, म्हणून जास्त मिळणार नाही असंही सांगतो. लोकअदालतीत मिटवावं का? (जयसिंगपूर)

अडीच लाखांचा आकडा कुठून आला हे ओळखा, तो कलम १६४ चा आहे. ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा अर्ज संपतो. कागद न वाचता सही नको.

मेडिक्लेमचं म्हणणं चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिला की, मेडिक्लेमचे पैसे अपघात भरपाईतून वजा करता येत नाहीत, कारण तो हप्ता जखमीने स्वतः भरलेला असतो. फक्त मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेलेली असतात, तेव्हा त्यांच्या प्रमाणित प्रती आणि मंजुरीपत्र मागून घ्या.

लोकअदालत वाईट नाही. कोर्ट फी परत मिळते आणि पैसे लवकर येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर मात्र नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात असल्याने त्यासाठी मुंबईची वारीही उरलेली नाही. म्हणून कंपनीचा आकडा ऐकण्याआधी पहिल्या उत्तरातल्या पद्धतीने स्वतःचा आकडा मांडून न्या. त्यात आजवरचं व्याज धरा. शरीरात रॉड किंवा प्लेट असेल तर ती काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या. तडजोडीच्या टेबलावर सर्वांत आधी विसरला जातो तो हाच खर्च, आणि तडजोड झाल्यावर तो मागता येत नाही.