कारवानी कुत्रीला सांगलीहून म्युनिकला नेताना कस्टममध्ये अडवतात का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे, दोन महिन्यांत निघायचंय, सहा वर्षांची कारवानी कुत्री बरोबर न्यायची आहे आणि कस्टमवाले किती ड्युटी लावतील याची धास्ती आहे. शिवाय सासूबाईंचा पोपटही न्यायचा विचार आहे.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलो, सांगलीत कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. परदेशी निघालेली कुत्री माझ्या टेबलावरूनच जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ड्युटीची चिंता सोडा. निदान १२ महिने युरोपबाहेर राहून तिकडे स्थलांतर करणाऱ्याला घरचं वापरातलं सामान ड्युटीशिवाय नेता येतं आणि घरचा पाळीव प्राणी त्यातच धरतात. अडचण तारखांची आहे. दोन महिन्यांत तुमची कुत्री जर्मनीला जाऊ शकत नाही.

रेबीजच्या बाबतीत युरोपियन युनियनने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची बारीक चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना आणि नमुना घेतल्यापासून पुढे ३ महिने थांबायचं. समजा १० जानेवारीला चिप बसवून लस दिली आणि १२ फेब्रुवारीला रक्त काढलं, तर १२ मेच्या आधी जर्मनीत प्रवेश नाही. रक्ताची तपासणीही युनियनच्या मान्यताप्राप्त यादीतल्याच प्रयोगशाळेत व्हावी लागते आणि रेबीजच्या प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. हा अहवाल मात्र एकदाच लागतो. पुढे लस वेळेवर देत राहिलात, मध्ये एकदाही खंड पडला नाही, तर पुन्हा रक्त काढावं लागत नाही.

आपल्याकडे लोक हमखास अडकतात ते चिपपाशी. "डॉक्टर, दरवर्षी लस दिलीय, हे बघा पुस्तक," म्हणतात. पुस्तक खरंच नीट असतं, पानापानावर बाटलीची स्टिकरं, शिक्के, सह्या. पण चिपच नसेल तर त्या सगळ्या लसी हिशेबात शून्य, कारण ती लस याच जनावराला दिली याला पुरावा नाही. चिपही आयएसओ ११७८४/११७८५ मानकाची, १५ आकडी मागून घ्या. मी लस टोचण्याआधी मानेवरून रीडर फिरवतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि मालकालाच लिहून घ्यायला लावतो. लसीचा दाखला, प्रयोगशाळेचा फॉर्म, आरोग्य दाखला, तिन्हीकडे तोच आकडा हवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर म्युनिकचा अधिकारी काय करेल? नियमानुसार तो कुत्रं परत पाठवू शकतो किंवा तुमच्या खर्चाने विलगीकरणात ठेवू शकतो. दोन्ही शक्य नसेल तर शेवटचा उपाय म्हणून जिवे मारण्याचीही तरतूद आहे. घाबरवायला सांगत नाही, पण एजंट लोक हे सांगत नाहीत.

मग करायचं काय? नवऱ्याला पुढे जाऊ द्या, तुम्ही कुत्रीबरोबर थांबा. कागदोपत्री मालक म्हणून तुमचंच नाव घाला. मालकाच्या प्रवासात आणि प्राण्याच्या प्रवासात ५ दिवसांहून जास्त अंतर पडलं की तो खासगी प्रवास धरत नाहीत, व्यापारी आयातीचे नियम लागतात आणि मग खरंच डोक्याला ताप. नवऱ्याच्या नावावर कागद आणि कुत्री चार महिन्यांनी, असं अजिबात करू नका.

माझ्यासारख्या खासगी डॉक्टरच्या सहीवर युरोपात प्रवेश मिळत नाही. केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेचा, म्हणजे एक्यूसीएसचा, दाखला लागतो. त्यासाठी मुंबई गाठावी लागेल. युरोपचा आरोग्य दाखला प्रवेशासाठी दिल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून तिकीट, एक्यूसीएसची वेळ आणि सांगली-मुंबई गाडी एकाच आठवड्यात बसवा. म्युनिकला उतरल्यावर कस्टमच्या लाल मार्गिकेतून, म्हणजे काही जाहीर करायचं असणाऱ्यांच्या रांगेतून, जाऊन स्वतःहून कुत्री दाखवायची. हिरव्या मार्गिकेतून निघालात तर कागद चोख असूनही गोत्यात याल.

पेटीबद्दल. कारवानी उंच आणि सडपातळ, ती केबिनमध्ये बसणार नाही. तिथे बहुतेक कंपन्या पिशवीसकट ८ किलोच्या आसपासच घेतात. पेटीत ती उभी राहिली तर कान छताला टेकता कामा नयेत आणि तिला वळता आलं पाहिजे. पेटी आत्ताच आणून ओसरीवर ठेवा, जेवण त्यातच द्या. आणि कोणी कितीही सांगितलं तरी गुंगीचं औषध देऊ नका. या शिकारी जातींना काही भुलीची औषधं झेपत नाहीत, आणि गुंगीतलं जनावर विमान कंपन्याही नाकारतात.

परत यायची वेळ आली तर: दोन वर्षं परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी सामानाबरोबर आणता येतात, बाकीच्यांना डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, परवाना लागतो. एक्यूसीएसची ना हरकत दोन्हीकडे आहेच. उतरायचं ते दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोची. पुणे जवळ पडतं म्हणून तिकडचं तिकीट काढू नका.

जर्मनीत कुत्र्यावर नगरपालिकेचा वार्षिक कर असतो, आपल्या घरपट्टीसारखा. तो भरायची तयारी ठेवा.

राहिला पोपट. तो आपला हिरवा, लाल चोचीचा असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरी पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे, देशाबाहेर नेणं तर लांबच. सासूबाईंना समजवा आणि वनविभागाच्या कार्यालयात जाऊन पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. घराबाहेर तसाच सोडू नका, पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाला कावळे आणि मांजरं जगू देत नाहीत.