काडीमोड झाली, घटस्फोट झालाच नाही

प्रश्न (थोडक्यात): मी रेल्वेत गँगमन म्हणून लागलो, आधी मिरज-पंढरपूर छोट्या लाईनवर आणि नंतर मिरजेत. 2008 साली की-मन (रुळाच्या चाव्या तपासणारा) म्हणून निवृत्त झालो. वय 77. कवठेमहांकाळ तालुक्यात राहतो. पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. दोन्ही मुलगे वेगळे राहतात. मुलगी 2015 पासून माझ्याजवळ आहे. 2017 साली दोन्हीकडची माणसं बसली आणि शंभराच्या स्टॅम्पवर काडीमोड केली, त्यावर नोटरीचा शिक्का आहे. जावयाने पनवेलला दुसरा संसार मांडला. मुलगी सीझनमध्ये बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. माझ्यामागे माझी पेन्शन तिला मिळावी असं मृत्युपत्र करायचं आहे. मुलगे म्हणतात, पेन्शनमध्ये आमचाही वाटा. मृत्युपत्र रजिस्टर करावं लागेल की नोटरी पुरेल?

उत्तर:

काका, मृत्युपत्राचा प्रश्न बाजूला ठेवा. पेन्शन मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, मग ते रजिस्टर असो वा नोटरी केलेलं. कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना मिळणारी पेन्शन, ही तुमची मिळकत नाही. तुमच्यामागे ते कुणाला द्यायचं हे रेल्वेचे पेन्शन नियम ठरवतात, 1993 च्या नियमांतला नियम 75. त्यात कमावत्या वयाच्या धडधाकट मुलांना जागा नाही. तेव्हा मुलग्यांच्या वाट्याची चर्चा घरात आजच थांबवा.

मुलीला मात्र जागा आहे. पंचवीस वर्षांवरची मुलगीसुद्धा, ती अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल आणि तुमच्यावर अवलंबून असेल तर पात्र ठरते. तुमच्या पत्रावरून दिसतं की ती अवलंबून आहे. ती परत आली, तुमच्याकडेच राहिली, तिचं कमावणं सीझनपुरतं. एवढं सगळं जुळतंय. अडतंय ते एका शब्दावर. कायद्याच्या नजरेत तुमची मुलगी घटस्फोटित नाही. ती आजही विवाहित आहे.

2017 च्या त्या कागदाने लग्न मोडलेलं नाही. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकुमाने मोडतं. तुमच्या समाजात काडीमोडीची रूढी असेलही, आणि कलम 29 ने अशा रूढीला वाट ठेवलेली आहे. पण ती रूढी जुनी आहे, अखंड पाळली जाते आहे, हे दाव्यात स्पष्ट मांडून पुराव्याने सिद्ध करावं लागतं. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावून सांगितलं आहे. नुसत्या स्टॅम्पवर ते सिद्ध होत नाही. नोटरीने सही ओळखली, लग्न मोडलं नाही. आठ वर्षांत या कागदावर विसंबण्याआधी एकाही वकिलाला तो दाखवावा असं घरातल्या कुणाला वाटलं नाही, याचा मला राग येतो. तुम्ही चाळीस वर्षं रुळाची चावी न् चावी तपासत चालत गेलात. पोरीच्या आयुष्याच्या कागदावर मात्र 'माणसं बसली होती' एवढ्यावर भागवलंत.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगतो. वाचून झाल्यावर मुलीलाही वाचून दाखवा.

पूर्वी नियमाचा अर्थ असा लावत की घटस्फोट पेन्शनरच्या हयातीतच पूर्ण झालेला हवा. आपल्या कोर्टांची चाल बघता हे कित्येक मुलींवर अन्याय करणारं होतं. 19 जुलै 2017 ला केंद्राच्या पेन्शन खात्याने त्यात सवलत दिली, आणि ती रेल्वेलाही लागू झाली. सवलत अशी: घटस्फोटाचा हुकूम आई-वडिलांच्या मृत्यूनंतर झाला तरी चालेल, पण घटस्फोटाचा अर्ज सक्षम कोर्टात पेन्शनरच्या किंवा त्याच्या जोडीदाराच्या हयातीत दाखल झालेला हवा. काकू गेल्या. आता मुदत मोजायची ती फक्त तुमच्या हयातीवर. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मऊ शब्दांत सांगितलं तर तुम्ही दिवाळीनंतर बघू म्हणाल.

असाच एक अर्ज माझ्या वकिलीच्या टेबलावर टाईप होऊन पडलेला होता. वडील रेल्वेतलेच, पोरगी तुमच्या मुलीसारखी. नवऱ्याची सही मिळाली की परस्पर संमतीचा अर्ज टाकू म्हणून आम्ही थांबलो. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. एका सोमवारी सकाळी वडील गेले. पोरगी तेरावं झाल्यावर आली आणि तिने विचारलं, 'आता टाकायचा का?' अर्ज टाकला, घटस्फोट मिळाला, पेन्शन मिळाली नाही. तेव्हापासून मी कुणालाही सहीसाठी थांबू देत नाही. तुम्हालाही देणार नाही.

परस्पर संमतीचा अर्ज, म्हणजे कलम 13-ब चा, सोपा असतो हे खरं. पण त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि जावई आता सही द्यायला कचरणार. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लग्न केलं असेल तर तो गुन्हा आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असेलच. म्हणून मुलीने एकटीने अर्ज दाखल करावा, फक्त तिच्या सहीने. पुढे जावई शुद्धीवर आला तर तोच वाद संमतीने मिटवता येतो, आणि तेव्हा सहा महिने थांबण्याची अटही योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली तसं म्हटलं आहे. दागिने, लग्नातला खर्च, भांडी हे विषय आत्ता काढू नका. ते मागण्याचा हक्क जात नाही. त्यावरून बोलणी सुरू झाली की महिने जातात.

अर्जात कारण कोणतं घ्यायचं यात मात्र तुमचा तो स्टॅम्प आडवा येणार. दोन वर्षांहून जास्त काळ टाकून दिलं, हे कारण सरळ वाटतं. पण त्या कागदावर 'आम्ही राजीखुशीने वेगळे झालो' असं लिहिलेलं असेल तर समोरचा वकील म्हणेल, टाकलं कुठे, दोघं ठरवून वेगळे झाले. कोर्ट ते कितपत मानेल हे कागदातल्या नेमक्या मजकुरावर आणि 2015 ला ती कशी परत आली यावर ठरेल. म्हणून एकाच कारणावर उभं राहू नका. दुसरा संसार हेही कारण घ्या. त्यासाठी पनवेलच्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, तिकडच्या मुलाच्या जन्माच्या किंवा शाळेच्या दाखल्यावर वडील म्हणून याचं नाव, असं काही मिळत असेल तर नातेवाइकांकडून आत्ताच जमवायला लागा. मारहाण, उपाशी ठेवणं असं काही घडलं असेल तर मुलीने वकिलाजवळ मोकळेपणी बोलावं. वडिलांसमोर मुली हे सांगत नाहीत, तेव्हा त्या वेळी तुम्ही बाहेर बसा. आणि तो स्टॅम्प लपवू नका. तो आपणच अर्जासोबत लावायचा.

पनवेलला जायची गरज नाही. बायको अर्जदार असेल तर ती जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, 2003 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. तेव्हा सांगलीतच दाखल होईल. पैशाची अडचण पुढे करू नका. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या अर्जावर बाईला कोर्ट फी पडत नाही. आणि वकिलाची फी जमत नसेल तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. माझ्याकडेच या असा माझा आग्रह नाही, कुणाकडेही जा, पण जा.

अर्ज दाखल झाला की नंबर पडल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय कोर्टातून निघू नका. त्यानंतर समन्स पनवेलला जाईल, बेलिफ 'दार बंद होते' म्हणून परत आणेल, तारीख पडेल, मे महिन्याची सुट्टी लागेल. या दिरंगाईने हक्क बुडणार नाही, पण पैसा बुडतो. तुमच्यामागे हुकूम झाला तर पेन्शन सुरू होते ती हुकुमाच्या तारखेपासून, मधल्या काळाचं काही मिळत नाही. म्हणून दाखल करून निवांत बसायचं नाही. प्रत्येक तारखेला मुलीने हजर राहायचं, आणि समन्स लागत नसेल तर दुसऱ्या मार्गाने बजावणीचा अर्ज करायला वकिलाच्या मागे लागायचं.

त्याच आठवड्यात दुसरं काम. तुमच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ज्या डिव्हिजनचं नाव आहे, तिथल्या कार्मिक विभागाच्या सेटलमेंट शाखेला, म्हणजे निवृत्तांची देणी बघणाऱ्या शाखेला, तुमच्या सहीचं पत्र द्या: माझ्या कुटुंबाच्या यादीत मुलीचं नाव घ्यावं, तिचा घटस्फोटाचा अर्ज अमुक नंबरने सांगलीत प्रलंबित आहे. सोबत अर्जाची प्रत, तिचं आधार, तुमच्या पीपीओची झेरॉक्स. पोचपावती घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती पीपीओच्या फाईललाच टाचून ठेवा. निवृत्तीच्या वेळी दिलेल्या यादीत ती विवाहित म्हणून असेल किंवा नसेलच. तुम्ही हयात असताना आलेलं हे पत्र तिला नंतर फार उपयोगी पडतं. उत्तर आलं नाही तर 15 डिसेंबरच्या आसपास रेल्वेची पेन्शन अदालत भरते, तिची आधी सूचना निघते, तिथे अर्ज टाका. बँकेत तिला नॉमिनी केलंत म्हणून पेन्शन तिला मिळेल असं समजू नका. ते वेगळं आहे.

उत्पन्नाची मर्यादा म्हणजे किमान कुटुंब निवृत्तिवेतन, 9000 रुपये, आणि त्यावरचा महागाई भत्ता. महिन्याला त्याहून जास्त कमाई असेल तर अडचण. बेदाण्याचं काम चार महिन्यांचं असेल तर बहुधा ती आत बसेल, पण मजुरी तिच्या खात्यावर जमा होत असेल तर पासबुक बघून सांगता येईल. पुढे तिने पुन्हा लग्न केलं तर पेन्शन थांबते, हे तिला माहीत असू द्या.

अर्ज हयातीत दाखल नसतानाही काही मुलींना ट्रायब्युनलने (सरकारी नोकरांच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाने), हायकोर्टाने दिलासा दिल्याची उदाहरणं आहेत. ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्यातली एकेक मुलगी त्यासाठी किती वर्षं फिरली तेही विचारा.

मृत्युपत्र घरासाठी जरूर करा. जागा तुमच्या पैशाने घेतलेली असेल तर ती मुलीला देता येईल, वडिलार्जित असेल तर उतारे बघावे लागतील. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. ते महिन्याभराने झालं तरी चालेल.

या सोमवारी मुलीला घेऊन सांगलीला या. तुम्ही एकटे येऊन भागणार नाही, अर्ज तिचा आहे आणि सही तिचीच लागते. लग्नपत्रिका किंवा लग्नातला एखादा फोटो, दोघांची आधारकार्डं असतील तर ती, तुमच्या पत्त्यावरचा तिच्या राहण्याचा पुरावा आणि तो 2017 चा मूळ स्टॅम्प, एवढं बरोबर आणा. पत्रिका सापडत नसेल तर लग्नाला हजर असलेल्या कुणाला तरी बरोबर घ्या. शोधत बसून सोमवार चुकवू नका.